तंबाखूच्या मुलखात : निपाणीची माती, माणसं आणि भाव



आपल्या लासलगाव भागातल्या माणसाला तंबाखूचं पीक माहीत नाही, पण तंबाखू चांगलीच माहीत आहे. बांधावर टेकलं की चंची निघते, चुन्याची डबी निघते, आणि मोटारस्टँडवर अनोळखी माणसाशी बोलणं काढायचं तर ‘तंबाखू आहे का हो?’ यापेक्षा सोपा प्रश्न नाही. विडीचं म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यातलं सिन्नर हे विड्या वळण्याचं जुनं ठाणं. तिथं घरोघरच्या बायका सुपात पानं घेऊन बसत आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घेत. विडीचं पान टेंभुर्णीचं, ते जंगलातून येई. आतला जर्दा मात्र आपल्या मुलखात पिकत नव्हता. विडीच्या तंबाखूचे मुलूख दोन : एक गुजरातेतला चरोतर आणि दुसरा दक्षिणेकडची निपाणी.

उसाच्या पत्रिकेत तंबाखू कशाला, असं कुणी विचारील. कारण असं की त्याच निपाणी भागात आज तंबाखूच्या वावरांतून ऊस उभा आहे. ज्या शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या तंबाखू केली त्याने ती का सोडली, आणि ऊसच का धरला, हे तिथेच जाऊन पाहावं म्हणून आम्ही शेतकी खात्यातल्या तिघा सहकाऱ्यांना घेऊन गेल्या जानेवारीत तिकडे जाऊन आलो. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. एखाद्या साली कांद्याला चांगला भाव निघाला की खोडवा मोडायचा आणि कांदा लावायचा; पुढच्या साली भाव पडला की पुन्हा बेणं शोधत गट कार्यालयात यायचं. ऊस नोंदीची वही आमच्या हातात असते, त्यामुळे ही ये-जा आम्हाला दर साली दिसते. तेव्हा निपाणीची हकीकत आपल्या कामाची आहे असं आम्हाला वाटलं.

लासलगावहून निपाणी पाचशे किलोमीटरच्या वर भरते. पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर असं करत कागल ओलांडलं की कोगनोळी नाका लागतो आणि तिथून कर्नाटक सुरू होतं. सुरू होतं ते कागदावर. पाट्या कानडीत दिसू लागतात, पण चहाच्या टपरीवर, बाजारात, वावरात बोलणं मराठीच. तेही कोल्हापुरी वळणाचं, मधूनच एखादा कानडी शब्द घेणारं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाजन आयोगाने १९६७ साली जो अहवाल दिला त्यात निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस होती, पण ती अंमलात आली नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. गंमत अशी की निपाणीचं देवचंद महाविद्यालय गावाला लागून अर्जुननगरला आहे, आणि अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. घर एका राज्यात, कॉलेज दुसऱ्या राज्यात, अशी तिथली मुलं शिकली. ज्या देवचंद शहांचं नाव कॉलेजला आहे ते तंबाखूच्या व्यापारातले. या पिकाचा पैसा कुठे कुठे गेला याचा हाही एक धागा आहे.

जमीन पाहिली तर पीक कळतं, असं आम्ही कृषी पदविकेला असताना शिकलो होतो. निपाणीला ते पटतं. पश्चिमेला सह्याद्री, तिथे धो धो पाऊस आणि भात. पूर्वेला चिकोडीकडे जावं तसा पाऊस कमी होत जातो. निपाणी या दोन्हींच्या मध्ये. जमीन चढउताराची, काळी आणि मध्यम काळी, माळाला तांबूस. वेदगंगा आणि दूधगंगा या दोन नद्या इथून कृष्णेकडे जातात. दक्षिणेला तवंदीचा घाट चढताना स्तवनिधीचं जैन क्षेत्र लागतं. घाटातून मागे वळून पाहिलं की सगळा मुलूख खाली पसरलेला दिसतो. तंबाखूला हवा तसाच हा पट्टा आहे : सुरुवातीला मुळं धरण्यापुरता पाऊस, सप्टेंबरनंतर उघडीप, थंडीत कोरडं ऊन आणि पहाटे दव. पावसाने झोडपलेल्या पानाला वजन येत नाही नि वासही राहत नाही. म्हणून घाटमाथ्यावर ती होत नाही, आणि फार पूर्वेला गेलं तर लागणीलाच ओल पुरत नाही.

हे पीक काही इथलं मूळचं नाही. पोर्तुगिजांनी अमेरिकेतून आणलेली ही वनस्पती. सोळाशे सालाच्या सुमाराला विजापूरच्या आदिलशाहीत ती चांगली रुळली होती. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता, त्याने तिथे तंबाखू पाहिली आणि बादशहाला नजर करायला नेली, अशी नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला तंबाखू गेली ती दख्खनमधून. जहांगिराने १६१७ साली तिच्यावर बंदी घातली. तिचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत.

निपाणी गावाची भरभराट झाली ती उत्तर पेशवाईत, निपाणकर देसायांच्या अमलात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले सरदार आप्पा देसाई निपाणकर, म्हणजे सिद्धोजीराव निंबाळकर, यांचं नाव मराठ्यांच्या इतिहासात येतं. त्यांचा वाडा गावात आहे. एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेला आले होते. आणि अलीकडचं नाव सांगायचं तर महादेव मोरे. पिठाची गिरणी चालवत या माणसाने निपाणीतल्या कष्टकऱ्यांवर, ड्रायव्हर-क्लीनरांवर, वखारीतल्या बायांवर ढीगभर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. २०२४ साली ते वारले. आपल्या वाचनालयात त्यांची पुस्तकं नसतील तर मागवून घ्यावीत.

बियाण्यापासून वखारीपर्यंत

आता पिकाकडे येऊ, कारण सभासदांना त्यातच गोडी.

तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त दाणे बसतात. ते वावरात टाकता येत नाही. पावसाच्या तोंडाला गादीवाफे करायचे, आधी वाफ्यावर काडीकचरा जाळून माती भाजून घ्यायची म्हणजे तण आणि रोग मरतात, मग राखेत किंवा वाळूत मिसळून बी फोकायचं. सहा-सात आठवड्यांनी रोप लागणीला येतं. आपल्याकडे एकडोळा रोपवाटिका आता कुठे रुळते आहे. तंबाखूवाला रोपाशिवाय पीक घेतच नाही, पूर्वीपासून. लागण ऑगस्टच्या आसपास, अंतर भरपूर, जवळजवळ हातभर रुंद पानं मोकळी पसरतील एवढं. बैलाच्या कोळप्याने उभी-आडवी पाळी देता यावी हाही त्यात हेतू.

रोप उभं राहिलं की खरी मेहनत. फूल दिसायला लागलं की शेंडा खुडायचा, म्हणजे झाडाची ताकद पानाला जाते. शेंडा खुडला की प्रत्येक पानाच्या बगलेत फुटवा येतो. तो काढायचा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा येतो, पुन्हा काढायचा. हे सगळं हाताने. पानाला चीक असतो. दिवसभर फुटवे काढणाऱ्याचे हात काळे-चिकट होतात, साबणाने जात नाहीत. ओल्या पानातून हा दर्प अंगात भिनतो, नवख्याला गरगरतं, ओकारी येते. बाया हे सांगताना हसतात, पण हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नाही.

या पिकाची एक दुखणी फार विचित्र आहे. तिला तिकडे बंबाखू म्हणतात. तंबाखूच्या मुळावर जगणारं हे बांडगूळ. हिरवं पान नाही, काही नाही. जमिनीतून फिकट कोंब वर येतो, निळसर फुलं येतात, आणि तोवर शेजारचं तंबाखूचं झाड सुकत चाललेलं असतं. बी धुळीसारखं, मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. फूल यायच्या आत उपटणं हाच उपाय. आपल्याकडे ज्वारीत आणि हलक्या रानातल्या उसात टारफुला येतो, त्याचंच हे भावंड समजा. निपाणीत कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथे विडी-तंबाखूचे वाण काढले गेले. एका वाणाला तर नदीचं नाव दिलं, वेदगंगा-१.

पानावर पिवळे-तपकिरी ठिपके उमटले की माल पक्व झाला. आम्ही गेलो तेव्हा एका वावरात नुकतीच कापणी झाली होती. कापलेली तंबाखू रानातच ओळीने पसरलेली, उन्हात तांबूस होत चाललेली, आणि त्या वासाने सगळा शिवार भरलेला. वाळलेलं पान दुपारी हातात घेतलं तर चुरा होतो. म्हणून उचल-भराई पहाटे, दवाने पान मऊ असतं तेव्हा. थंडीत तीन-चार वाजता उठून वावरात जाणं हे तंबाखूवाल्याच्या घरी सगळ्यांनाच ठरलेलं, पोरंबाळंसुद्धा. एक म्हातारी म्हणाली, ‘पानी पाजायला रातचं उठतासा न्हवं तुम्ही उसाला? तसंच हे.’

मग माल वखारीत. निपाणी हे गाव वखारींचं. लांबच लांब कौलारू इमारती, जाड भिंती, उजेड कमी. आत वाळलेली तंबाखू बडवायची, चाळायची, काड्या निराळ्या करायच्या, प्रत लावायची आणि पोत्यात दाबून भरायची. हे काम बायांचं. धूळ अशी की उभ्या माणसाचा चेहरा दिसू नये, आणि खोकला हा पगाराबरोबर मिळणारा. कामाचे तास, मजुरी, अपमान या सगळ्याविरुद्ध १९८०च्या सुमाराला या बाया संघटित झाल्या. प्रा. सुभाष जोशी हे नाव त्या संघटनेशी जोडलेलं आहे. युगांतर नावाच्या गटाने १९८२ साली या बायांवर एक माहितीपटही काढला. त्यात त्या स्वतःच बोलतात.

भाव कोण ठरवतो

शेतकऱ्याचं दुखणं वखारीच्या दाराशीच सुरू होई. १९४३ पासून तंबाखूवर केंद्राचा अबकारी कर होता. पीक किती, माल किती, याची नोंद सरकारदरबारी ठेवावी लागे. १९७९ च्या अर्थसंकल्पात कच्च्या तंबाखूवरचा तो कर उठला. पण कर गेला म्हणून भाव आला असं झालं नाही. माल एकदा वावरातून निघाला की तो ठेवायला शेतकऱ्याकडे जागा नाही, वाळलेलं पान घरात ठेवावं तर ओल धरतं, घेणारे व्यापारी मोजके आणि एकमेकांच्या ओळखीचे. वजन त्यांच्या काट्यावर, प्रत त्यांच्या डोळ्याने, घट त्यांच्या तोंडाची.

सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ आम्हाला उसाच्या बांधावर भेटले. तिथे सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आम्ही लासलगावचे म्हटल्यावर म्हणाले, ‘म्हंजे कांद्याचं पावणं.’ मग तंबाखूचा विषय काढला. ते म्हणाले, ‘माल वखारीत टाकून यायचं, आन् भाव काय धरला म्हनून इचाराय परत जायचं. च्या पाजायचे. भाव सांगायचे न्हाईत. पाडव्याला या म्हनायचे. पाडव्याला गेलं तर दिवानजी गावाला गेल्याला.’

‘मग पैसे?’ आम्ही विचारलं.

‘लेकीचं लगीन निघालं की मागून आनायचं थोडं थोडं. आपलंच पैसं, पर उसनं घेतल्यागत.’

आता इथे आपला जिल्हा या हकीकतीत येतो. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांदा या दोन पिकांच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडवली. उसाला टनाला ३०० रुपये ही मागणी होती. आपल्या निफाड तालुक्यातल्या खेरवाडीला गोळीबार झाला आणि दोन शेतकरी गेले. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना तो दिवाळीचा महिना आठवत असेल. पिंपळगावचे माधवराव खंडेराव मोरे, प्रल्हाद पाटील कराड, माधवराव बोरस्ते ही माणसं त्यात पुढे होती. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ मार्च १९८१ रोजी, निपाणीचे तंबाखूवाले पुणे-बंगलोर रस्त्यावर येऊन बसले. मुलंबाळं, बैलगाड्या, चुली, सगळं रस्त्यावर. त्या वस्तीला नाव पडलं आंदोलननगर. मागणी किलोला दहा रुपये भावाची. वखारीतल्या बायाही शेतकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते, कारण मालक आणि मजूर यांचं सहसा असं जमत नाही. चोवीस दिवस राष्ट्रीय महामार्ग बंद होता. ६ एप्रिलला पोलिसांनी वस्ती उठवली, गोळीबार झाला, बारा शेतकरी मारले गेले. त्या वेळी कर्नाटकात गुंडूराव मुख्यमंत्री होते. बारा हुतात्म्यांची आठवण निपाणीत अजून काढली जाते.

नाशिकात कांदा-ऊस आणि निपाणीत तंबाखू; पिकं निराळी पण मागणी एकच होती. माल आमचा, तर भाव ठरताना आम्हाला विचारा.

सरकारने तंबाखूसाठी काहीच केलं नाही असं नाही. १ जानेवारी १९७६ पासून गुंटूरला तंबाखू मंडळ आहे, लिलावाची व्यवस्था आहे. पण ते सगळं सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी. निपाणीची विडीची तंबाखू त्यात बसत नाही. तिला मंडळ नाही, हमीभाव नाही. परदेशी चलन मिळवून देणाऱ्या पानाला एक न्याय आणि गरिबाच्या विडीतल्या पानाला दुसरा, असं दिसतं.

भावाची ही अनिश्चितता माणसाच्या मनात किती खोल जाते हे तिथल्या जत्रेत कळतं. निपाणीजवळ आप्पाचीवाडी-कुर्ली इथे हालसिद्धनाथाचं ठाणं आहे. पावसाळा सरल्यावर जत्रा भरते, ढोल-कैताळाच्या आवाजात रात्र जागते आणि पहाटे भाकणूक होते. पुढल्या सालचा पाऊस कसा, रोगराई काय, राज्यात काय घडेल, आणि धान्याला भाव कसा राहील, हे सगळं त्यात येतं. हजारो शेतकरी पहाटेच्या थंडीत बसून ऐकतात. आम्ही शेतकी शिकलेली माणसं, आमचा भाकणुकीवर विश्वास नाही. पण ज्याला आपल्या मालाचा भाव विकून झाल्यावरही कळत नाही त्याने देवाला विचारलं तर त्याला हसायचं कशाला, असंही वाटून गेलं. निपाणी गावात दर्ग्याचा मोठा उरूस भरतो, त्याचा मान चव्हाण घराण्याकडे आहे. हिंदू-मुसलमान दोघेही त्यात असतात. बैलांचा सण तिकडे ज्येष्ठ पौर्णिमेला, कर्नाटकी बेंदूर. आपला पोळा श्रावण अमावास्येला. म्हणजे पेरणीच्या आधी बैलाची पूजा करणारे ते, आणि कामं उरकल्यावर करणारे आपण.

तंबाखूच्या वावरात ऊस

आज त्या भागात फिरताना तंबाखू शोधावी लागते. माळाकडच्या कोरडवाहू गावांतून ती आहे, पण नदीकाठाला सगळा ऊस आणि मधून सोयाबीन. हा बदल कशाने झाला? तंबाखू वाईट म्हणून सोडली असं आम्हाला कुणीही सांगितलं नाही. आम्ही मुद्दाम विचारलं. तोंडाच्या कॅन्सरने गेलेली माणसं प्रत्येक गावात आहेत, २००३ साली तंबाखूविरोधी कायदा झाला, पाकिटावर चित्रं आली, तरी पीक घेणाऱ्याचा हात त्याने थांबला नाही. तो थांबला दूधगंगेच्या पाण्याने. काळम्मावाडीचं धरण दोन्ही राज्यांच्या भागीदारीतलं. नदीला बारमाही पाणी राहू लागलं, उपसा योजना झाल्या, आणि जवळच कारखाना उभा राहिला. निपाणीच्या सहकारी कारखान्याचं नाव श्री हालसिद्धनाथ. भाकणूक सांगणाऱ्या देवाच्याच नावाच्या काट्यावर आता ऊस मोजला जातो.

अण्णांना आम्ही विचारलं, उसात पैसा जास्त आहे का? त्यांनी थोडा वेळ घेतला. म्हणाले, ‘चांगल्या सालाला तंबाकूत जास्तीच व्हता. पर ऊस तोडला की पावती हातात येती. वजन ल्हिलेलं असतं. त्येवढ्यावर झोप लागती.’

आपण त्या पावतीकडे नीट पाहत नाही. काट्यावर ट्रॅक्टर गेला, ड्रायव्हरने पावती आणली, ती खुंटीला अडकवली, झालं. त्या कागदामागे काय काय आहे ते पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाला किमान भाव ठरतो. आधी त्याला एसएमपी म्हणत, २००९ पासून एफआरपी म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी तो क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५० धरला गेला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं त्याच आदेशात आहे. आता कायद्यात आहे म्हणून पैसे वेळेवर येतातच असं नाही, हे सभासदांना आम्ही सांगायला नको. कित्येक ठिकाणी ते थकले, कित्येक कारखाने बंद पडले, काही भाड्याने गेले. पण थकले तर मागता येतात. मागायला आकडा असतो, तारीख असते, वार्षिक सभा असते आणि सभेत उभं राहून बोलायला शेअरचा दाखला असतो. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन पहिला सहकारी कारखाना काढला तेव्हा गोष्ट नेमकी हीच होती, की माल वावरातून निघाल्यावरही तो शेतकऱ्याचाच राहावा. निपाणीच्या तंबाखूवाल्याला अशी जागा कधीच मिळाली नाही. वखार त्याची नव्हती.

लासलगावचं पाहा. १९४७ पासून इथे बाजार समिती आहे, लिलाव उघड्यावर होतो, वजन होतं, त्याच दिवशी पट्टी मिळते. निपाणीच्या जुन्या व्यवहारापेक्षा हे कितीतरी बरं. पण भाव? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसलं, त्याच साली ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये अटींवर उघडली, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला ते उठलं. दीड-पावणेदोन वर्षांत पाच वेळा नियम बदलला, आणि चाळीत कांदा ठेवलेल्या माणसाला त्यातला एकही आधी कळला नाही. कांद्यालाही हमीभाव नाही. आमचं म्हणणं कांदा लावू नका असं नाही. आपल्या मातीतलं ते पीक आहे, आणि सगळं रान उसाखाली घालणं आम्हालाच मान्य नाही. पण भाव बघून खोडवा मोडणारा सभासद एका गोष्टीचा हिशेब करत नाही : ज्या पिकाला खालून आधार आहे ते मोडून तो ज्याला आधार नाही त्यात सगळी उडी घेतो आहे. पाच एकर बागायत असेल तर दोन-अडीच एकर उसाला कायम, त्यात लागण आणि खोडवा फिरता ठेवून, आणि उरलेल्यात कांदा, सोयाबीन, हरभरा, अशी मांडणी आम्ही गटागटांत सांगत असतो. उसानंतर कांदा आणि कांद्यानंतर ऊस असा फेर ठेवला तर जमिनीलाही ते मानवतं.

निपाणीकडे सगळंच गोड आहे असंही समजू नये. तंबाखूने रान कोरडं ठेवलं होतं. बारमाही पाण्याने काही वावरं पाणथळ होऊ लागली आहेत. त्याच्या पूर्वेला शिरोळ तालुक्यात हे दुखणं केव्हाच वाढलं होतं. तिथल्या श्री दत्त कारखान्याने सभासदांना बरोबर घेऊन जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकले आणि पड पडलेली क्षारपड रानं पुन्हा लागवडीला आणली. गोदावरी कालव्याखालच्या आपल्या काही गावांनी हे काम पाहून घ्यायला हवं. अण्णांच्या वावरात आम्ही हातभर खड्डा घेतला तर खालून पाणी वर आलं. पाणी किती दिवसांनी देता म्हटलं तर म्हणाले, मोटार चालू असती तवर. त्यांना ठिबकाचं सांगितलं. ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि ‘बघू की’ म्हणाले. हे उत्तर आपल्याकडेही आम्हाला पाठ आहे.

पुढल्या जानेवारीत, तिकडे तंबाखूची कापणी आणि उसाची तोड दोन्ही चालू असताना, निवडक सभासदांची एक सहल निपाणी आणि शिरोळला नेण्याचं शेतकी खात्याने ठरवलं आहे. दोन मुक्काम होतील. जाण्या-येण्याचा निम्मा खर्च सभासदांनी सोसायचा आहे. जागा मोजक्या असल्याने ज्यांचा खोडवा उभा आहे आणि ज्यांच्या रानात पाणी वर येतं अशांना आधी घेऊ. बायकांनीही नावं द्यावीत. पहाटेच्या दवात तंबाखू उचलणाऱ्या तिथल्या बायांना आपल्याकडच्या बायांशी बोलायचं आहे, तसं त्यांनी आम्हाला सांगून ठेवलं आहे. नावं आपापल्या गट कार्यालयात दसऱ्याच्या आत नोंदवावीत, आणि येताना ऊस पावत्यांचं गेल्या दोन हंगामांचं बाड बरोबर आणावं. तिथे दाखवायला लागेल.